तुळशीरामचे टेस्टिंग

मी एक जुना भोंगा आहे. लग्नाच्या मांडवात बांबूला बांधलेला, तोंड वासून गावाकडे पाहणारा, तोच मी. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. आता मांडवासमोर कपाटाएवढे काळे डबे रचतात आणि ते वाजू लागले की ऐकणाऱ्याच्या छातीत धडधडते. माझ्यात तेवढी ताकद कधीच नव्हती. माझा आवाज उंच, पातळ आणि लांब जाणारा. आमच्या रामाकोना गावात मी बोललो की संत्र्याच्या बागेत फांद्यांना टेकू लावणारी माणसे हात थांबवून ऐकायची.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर गरगर फिरवून दाबतात, तेव्हा त्याला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार येतो. मागे 'युनिट' नावाचा जड गोळा बसवतात. त्यात एक पातळ पडदा असतो. तो माझा गळा. नागपूरच्या एका दुकानातून माझे मालक तुळशीराम यांनी मला घेतले आणि सौंसरच्या बसमध्ये मांडीवर धरून बसले.

"काय भाऊ, नवरी घेऊन चालले का?" कंडक्टरने विचारले.

"नवरीच समजा," तुळशीराम म्हणाले. "फक्त हिचा आवाज जास्त हाये."

सगळी बस हसली. मला त्याच दिवशी कळले की आपण चांगल्या माणसाच्या हाती पडलो आहोत.

घराच्या ओसरीत त्यांची साउंड सर्व्हिस होती. एक ॲम्प्लिफायर, एक टेप, एक माइक आणि मी. भीमजयंतीच्या मिरवणुकीत मी बैलगाडीवर पुढे असायचो. जामसांवलीच्या यात्रेत हरवलेल्या मुलांची नावे मी पुकारली आहेत, आणि नाव ऐकून धावत आलेल्या आयांचे चेहरे वरून पाहिले आहेत. पोलिओचा डोस, पाण्याचा टँकर, शाळेचे स्नेहसंमेलन, सगळे माझ्याच तोंडून गावाला कळले. पण माझे नाव झाले ते एका गाण्यामुळे.

सौंसरचे मनोहर मास्तर एकदा एक कॅसेट घेऊन आले. नागपूरला त्यांच्या मेव्हण्याने कुणाची तरी खोली रिकामी करताना ती उचलली होती. वर ना गाण्याचे नाव, ना गाणाऱ्याचे.

"तुळशीराम, ही पुसून हिच्यावर भजनं भरून दे," मास्तर म्हणाले. "इंग्रजी आहे म्हणून शाळेतल्या मुलांना ऐकवायला आणली होती. पण हा बाबा बोलतच नाही. नुसतं वाजवतच राहतो."

पुसण्याआधी तुळशीराम यांनी ती एकदा लावून पाहिली. मग पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना नव्या कॅसेटवर भजने भरून दिली. जुनी मागितली तेव्हा म्हणाले, "ती नाही भेटत. तुम्ही पाप करून राहिले होते मास्तर, मी वाचवलं तुम्हाले."

ते गाणे फार लांब होते. एवढ्या वेळात एखाद्या लग्नाची पंगत उठते. आधी दूरवर घंटेसारखे काहीतरी वाजायचे. मग पेटीसारखे एक वाद्य संथ चालायला लागायचे. त्यावर गिटार चढत जायची, घाट चढणाऱ्या गाडीसारखी, कधी दम घेत, कधी एकदम वेगात. मग ढोल यायचे. आणि ढोल जरा निवले की एका माणसाचा आवाज यायचा. एकच ओळ, लांब ओढलेली. गाणे परदेशातले, माझ्याहून जुने, पण त्या ओळीला रामाकोन्यात कुणी परके मानले नाही.

मांडवात माइक लावला की आवाज तपासावा लागतो. बाकीचे लोक "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणायचे. तुळशीराम ते गाणे लावायचे. गावोगाव त्याचे नाव पडले 'तुळशीरामचे टेस्टिंग'. आचारी बापूजी तर त्यावरच स्वयंपाक करायचे. ढोल सुरू झाले की ओरडायचे, "चला, वरणाले फोडणी द्या!" पोरे अंगणात तोंडानेच गिटार वाजवत फिरायची. एकदा एका मुलीच्या बापाने भर मांडवात भांडण काढले. "टेस्टिंग नाही केलं तुम्ही! माह्या मोठीच्या लग्नात केलं, अन् हिच्या लग्नात नाही? हे काय सावत्र हाये का?" तुळशीराम यांना वाजत असलेली सनई थांबवून टेस्टिंग करावे लागले.

हळूहळू त्या गाण्याचे भक्त तयार झाले. मनोहर मास्तर त्यांतले पहिले. दुसऱ्या शांताबाई. त्या सौंसरला संत्र्यांची प्रतवारी करायच्या, मोठी फळे एका ढिगात, लहान दुसऱ्यात. हे दोघे बोलावणे नसलेल्या लग्नांनाही यायचे. मांडवाच्या कडेला उभे राहायचे, टेस्टिंग ऐकायचे आणि निघायचे.

"अहो, जेवून तरी जा," यजमान म्हणायचे.

"नाही जी, आमचं झालं," शांताबाई म्हणायच्या, आणि शेवटी हाताला धरून त्यांना पंगतीत बसवावे लागायचे.

पंगतीत त्यांचे वाद चालायचे. मास्तर म्हणायचे, "गिटार हाच त्या गाण्याचा प्राण."

"गिटारीचं काय घेऊन बसले मास्तर? त्या माणसाचं आयका. तो हाक मारून राहिला."

"तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"तुम्हाले येते ना? मंग सांगा, काय म्हणते तो?"

मास्तर पापड मोडायचे. त्यांनाही एक शब्द कळला नव्हता.

"मले शब्द नाही पाहिजे," शांताबाई म्हणायच्या. "वावराच्या ह्या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, बांधावरून बांधावर हाक मारतात, तशी हाक हाये ते. मले एवढंच सांगा, ज्याले हाक मारली ते माणूस आलं का नाही आलं?"

मित्रांनो, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हते. कारण ती हाक आली की नेमके कुणीतरी ओरडायचे, "अबे बंद कर, नवरदेव आला!" कधी नवरदेव यायचा, कधी पाहुणा, कधी भाषण करणारा. तुळशीराम लगेच बटण दाबायचे. पुढचे गाणे त्यांनी घरीच ऐकले होते, कानाला हेडफोन लावून, ओसरीत बसून. दोघे भक्त त्यांच्या मागे लागायचे.

"शेवट काय हाये, सांग ना रे तुळशीराम!"

"सांगायची गोष्ट नाही ते. चार माणसांत आयकायची हाये. एक दिवस लावतो."

"कवा लावतो? आम्ही मेल्यावर?"

"लावतो म्हटलं ना बाई!"

मला वाटायचे, नवरदेवच आडवा येतो, नाहीतर मी ते गाणे शेवटपर्यंत नेले असते. माझा गळा तयार होता.

मग काळ्या डब्यांचे दिवस आले. पांढुर्ण्याचा रोशन ते पिकअपमध्ये घालून आणायचा. मुलगा बोलका, हातही हुशार. तो तुळशीराम यांना म्हणायचा, "काका, तुमच्या भोंग्यातून गाणं नाही, कुकरची शिट्टी निघते."

"अन् तुह्या डब्यांतून बेटा, भूकंप निघते. मांडवातली म्हातारी माणसं पाह्य, कानात बोटं घालून जेवून राहिली."

दोघेही हसायचे. पण लग्ने रोशनला मिळू लागली. मी ओसरीच्या खुंटीवर गेलो. माझ्यावर संत्र्यांच्या रिकाम्या जाळ्या पडल्या. टेस्टिंग बंद झाले. मास्तर निवृत्त झाले, शांताबाईंचे गुडघे दुखू लागले. नव्या पोरांनी ते गाणे मोबाइलवर शोधायचा प्रयत्न केला, पण नावच माहीत नव्हते. शांताबाईंनी फोनसमोर तोंडाने चाल वाजवून दाखवली, तर फोनने त्यांना साबणाची जाहिरात दाखवली. "हे पाह्य," त्या फोनला म्हणाल्या, "तुह्यापेक्षा तं आमचा भोंगा बरा."

गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. तुळशीराम स्वतः बसने पांढुर्ण्याला गेले, रोशनच्या डब्यांना हात लावून पाहून आले, आणि "एक दिवस मले हे पाहिजेत," असे सांगून आले. मला फार वाईट वाटले. वाटले, मालकांनीही मला सोडले. नंतर ते आजारी पडले, आणि हिवाळ्यात गेले.

त्यांची मुलगी अर्चना छिंदवाड्याला नोकरी करते. ती आली आणि घरातच राहिली. बाबांचे जेवणाचे पान वाढायचे राहून गेल्यासारखी ती घरात फिरायची, आणि मग काहीतरी आवरायला घ्यायची. एका सकाळी तिने माझ्यावरच्या जाळ्या काढल्या.

तुळशीराम यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणाच्या दिवशी वंदना झाली, जेवणे झाली. दुपार कलत होती. रोशन आपले डबे घेऊन न बोलावता आला होता. "काका सांगून गेले होते," एवढेच तो म्हणाला. अर्चनाने मला अंगणातल्या निंबाला बांधायला लावले आणि कॅसेट बाहेर काढली.

"ताई, डबे असताना भोंगा कायले?" रोशनने विचारले.

"आधीचं सगळं त्याचंच आहे," ती म्हणाली. "तुझं शेवटी लागेल. तोवर डबे बंदच ठेव. मी हात केला की सुरू कर."

मनोहर मास्तर काठी टेकत पुढच्या खुर्चीवर बसले. शांताबाई त्यांच्या शेजारी. मास्तर हळूच म्हणाले, "आज कोणी नवरदेव यायचा नाही, शांताबाई."

"चुप बसा. सुरू झालं."

घंटा वाजली. पेटी चालू लागली. कित्येक वर्षांनी माझा पडदा थरथरला आणि मला वाटले, आपण अजून आहोत! गिटार चढली. ढोल आले, आणि मागच्या चुलीजवळून बापूजींचा आवाज आला, "फोडणी!" सगळे अंगण हसले. म्हाताऱ्या बापूजींपुढे त्या वेळी फक्त रिकामी पातेली होती.

मग ती हाक आली. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांची सवय अशी की सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. फाटकातून कुणी आले नाही. कुणी "बंद कर" म्हणाले नाही. गाणे पुढे गेले.

पुढचा मुलूख गावाने पाहिलाच नव्हता. ताल असा वाकडा की टाळी द्यायला गेलेली माणसे चुकली, एकमेकांकडे पाहून पुन्हा चुकली, मग त्यातच रमली. मास्तर काठीने जमीन ठोकत होते. "ऐका, ऐका, गिटार!" ते म्हणत होते. हाक पुन्हा आली, पहिल्यापेक्षा उंच. मी जीव तोडून ती वर नेली. संत्र्याच्या बागेपलीकडे गेली असेल. हाक संपली, आणि मी गप्प झालो.

मी घाबरलो. मला वाटले, गळा जळाला. कॅसेट फिरत होती, पण माझ्यातून काही निघत नव्हते. सगळे वर माझ्याकडे पाहू लागले.

"भोंगा गेला काय गा?" कुणीतरी म्हणाले.

"नाही आलं ना कोनी," शांताबाई पुटपुटल्या. "मले वाटलंच होतं."

अर्चनाने हात वर केला. रोशनने बटण फिरवले.

खालून, जमिनीतून यावा तसा एक आवाज आला. जाड तारेचा, खर्जातला, सावकाश. चाल तीच होती, त्या हाकेची, पण हाक मारणाऱ्याची नव्हे. ती उत्तराची होती. दूरच्या धुऱ्यावरून कुणीतरी "आलो, आलो" म्हणत, घाई न करता, आपल्या चालीने येत होते. टेबलावरचे पेले किणकिणले. पोरांनी डब्यांना तळहात लावले आणि ती आनंदाने ओरडली. आवाज जवळ आला, आणखी जवळ आला, आणि अंगणाच्या मधोमध येऊन थांबला.

"आलं वो!" शांताबाई खुर्चीतून उठल्या. गुडघ्यांची त्यांना आठवणही राहिली नाही. "आलं! मास्तर, आलं ना माणूस!"

मास्तरांनी मान डोलावली.

"मंग एवढे वर्षं लावलं काऊन नाही त्यानं?" शांताबाईंनी अर्चनाला विचारले. त्या हसतही होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या.

"बाबा म्हणायचे, एवढा खर्ज भोंग्यातून निघत नाही. हाक जाते, उत्तर जात नाही," अर्चना म्हणाली. "लहानपणी हेडफोनचा एक कान मला द्यायचे, एक स्वतः ठेवायचे. म्हणायचे, नुसत्या भोंग्यावर शेवट लावला तर लोकांना वाटेल, कोणी आलंच नाही. अन् भोंगा उगाच बदनाम होईल."

मग मला सगळे कळले. बटण नवरदेवामुळे दाबले जात नव्हते. पांढुर्ण्याची ती फेरी मला सोडण्यासाठी नव्हती. माझ्या मालकांना माझा गळा कुठे संपतो ते ठाऊक होते. तिथे त्यांनी मला चारचौघांत कधी उभे केले नाही.

"रोशन," मास्तर म्हणाले, "पुन्हा लाव बेटा. सुरुवातीपासून."

त्या दुपारी ते गाणे पुन्हा वाजले. आणि मग आणखी एकदा, कारण बापूजींना चुलीजवळून नीट ऐकू आले नव्हते.

आता रोशन मला लग्नांना नेतो. मी डब्यांच्या वर बसतो. टेस्टिंग पुन्हा सुरू झाले आहे, आणि आता ते शेवटपर्यंत होते. नवरदेव फाटकात थांबतो. रामाकोन्याच्या बाजूला एक-दोन नवरदेव तर मुद्दाम उशिरा आले, असे म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला सगळेच जमत नाही म्हणून तिला फेकू नका. जे जमत नाही ते तिच्याकडून लोकांपुढे करूनही घेऊ नका. तिच्या शेजारी दुसरी एखादी ठेवा. आणि भोंगा असेल तर एवढे लक्षात असू द्या: काम झाले की त्याचे तोंड खाली करून ठेवावे. उघडे तोंड वर राहिले तर आत पाणी साचते, कुंभारमाशी घर करते, आणि गळा बसतो. तुळशीराम हे कधी विसरले नाहीत. आता सुट्टीला आली की अर्चना आधी ओसरीत येते, मला उतरवते, आत फडके फिरवते आणि तोंड खाली करून ठेवते. मगच ती पाणी पिते.