दोन फ्रेममधलं दार

सांगतो, पण विश्वास कुणी ठेवणार नाही. प्रथिनाचं दार उघडताना मी या डोळ्यांनी पाहिलंय.

हेच मी, इथली यंत्रं सांभाळणारा, टॅम्सिनला सांगत बसलो होतो, कॅनबराच्या आमच्या प्रयोगशाळेत, चहाच्या खोलीत. बाहेर धुकं, आत हीटर नुसताच घुरघुरणारा. पोरगी टेबलावर कोपर टेकून बसलेली, चहा कधीचा गार झालेला. तिचा सगळा प्रबंध एका प्रश्नावर टांगलेला: औषधाचा रेणू प्रथिनाच्या पोटात शिरतो तरी कुठून?

त्यासाठी महासंगणकाच्या रांगेत ताटकळून तिनं सिम्युलेशन, म्हणजे रेणूंच्या हालचालींची संगणकातली नक्कल, चालवलं. अणू न् अणू कसा हलतो ते यंत्र सतत मोजतं, पण जपून ठेवतं मधूनमधून एखादी फ्रेम, एखादं चित्र. सगळंच जपलं तर डिस्क तुडुंब. मागच्या खेपेस तसंच झालं आणि काम अर्ध्यावर मेलं. म्हणून या खेपेस हिनं फ्रेम लांब लांब ठेवल्या. आज उघडून पाहते तर एका फ्रेममध्ये रेणू बाहेर, पुढच्या फ्रेममध्ये आत ऐसपैस बसलेला. मधलं काहीच नाही. महासंगणकावरचे तिच्या वाट्याचे तास संपलेले, प्रबंध महिनाअखेर द्यायचा.

"आधीच्या फ्रेमपासून पुन्हा चालव," मी म्हणालो.

"कशानं? तास कुठायत? आणि पुन्हा त्याच वाटेनं जाईल कशावरून? तो रेणू काय बिऱ्हाडकरू आहे, रोज त्याच गल्लीनं घरी यायला?" तिनं डोळे चोळले. "जाऊ दे मर्व्ह. दमले मी."

"अगं, पण मी पाहिलंय ना! तुझं काम चालू होतं तेव्हा मी यंत्रापाशीच होतो. आधी पंखे थबकले. छतावर ऊब घेत बसलेले काकाकुवे एकदम उडाले."

"काकाकुव्यांना कळलं वाटतं?"

"त्यांनाच आधी कळतं. मग पडद्यावर प्रथिनाची डावीकडची साखळी थरथरली. पाण्याचे रेणू चिडचिडत बाजूला सरले. तुझ्या पठ्ठ्यानं डोकं घातलं, कमरेशी अडकला, दोन गिरक्या घेतल्या आणि गेला आत! दार लगेच बंद."

टॅम्सिन ताठ बसली. लॅपटॉप पुढे ओढला.

"डावीकडून? नक्की?"

"लिही बिनधास्त. साक्षीदार म्हणून माझं नाव घाल."

तिनं एक ओळ लिहिलीसुद्धा. चेहऱ्यावर जरा रंग आला. मग बोटं थांबली. पडद्याकडे बघत राहिली, माझ्याकडे बघितलं, आणि लिहिलेली ओळ एकेक अक्षर करत पुसत गेली.

"मर्व्ह, पडद्यावर दिसतं ते डिस्कवर उतरलेलंच ना रे? मधली फ्रेम तर उतरलीच नव्हती, मग तू बघितलंस काय? थापाड्या!"