शनिवारचा सदरा

मित्रांनो, ब्वेनोस आयरेसच्या दक्षिणेला, बाराकासमधल्या एका चाळीत, इस्त्रीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली ही जुनी गिटार म्हणजे मी. माझी मान वाकली आहे. सहा तारांपैकी दोन उरल्या आहेत, त्याही गंजलेल्या. माझ्याकडे आता कुणी पाहत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण एर्मिंदा रेय या गायिकेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती मोठी कशी झाली, हे जिनं अगदी जवळून पाहिलं ती मी आहे. तेवढं तुम्हाला सांगते.

फ्रोइलान नावाच्या एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. माझी पाठ एका मोडक्या कपाटाच्या दाराची आहे. पोटाला मात्र त्याने चांगलं देवदार वापरलं आणि ते बोटाने वाजवून वाजवून निवडलं. मी तयार झाल्यावर त्याने मला कानाशी धरलं आणि म्हणाला, "ही बोलेल, पण हळू बोलेल." मला नदीवर कोळशाच्या पडावांवर काम करणाऱ्या बात्तिस्ता बाराले या माणसाने विकत घेतलं. त्याला वाजवता फारसं येत नसे. रविवारी जेवण झालं की तो मला मांडीवर घेई, तीन सूर लावी आणि त्या तीन सुरांतच सगळी गाणी बसवी. त्याच्या दोन मुली, एर्मिंदा आणि क्लेलिया, हसून हसून लोळत.

एका वर्षी नदीवरचं काम बंद पडलं. बात्तिस्ता दक्षिणेला, मेंढ्यांच्या मुलखात, लोकर कातरायला गेला. जाताना मला खाटेवर ठेवून तो बायकोला म्हणाला, "आसुंता, ईस्टरच्या आधी येतो. शनिवारी पोचेन असं बघतो, म्हणजे रविवारी आपल्याला फिरायला जाता येईल. माझा पांढरा सदरा तयार ठेव."

तो ईस्टरला आला नाही. पत्रही आलं नाही. पुढच्या ईस्टरलाही नाही. त्याच्याबरोबर गेलेला एक जण परत आला. त्याने सांगितलं की हंगाम संपल्यावर बात्तिस्ता आणखी दक्षिणेला गेला. पुढचं काही त्याला माहीत नव्हतं. आसुंता लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देत असे. दर शनिवारी सगळ्यांचे कपडे संपले की ती तो पांढरा सदरा काढी, त्यावर पाणी शिंपडी आणि कॉलरपासून इस्त्री करायला घेई. रविवारी संध्याकाळी तो पुन्हा घडी होऊन पेटीत जाई. अशी नऊ वर्षं गेली.

मित्रांनो, या नऊ वर्षांत मी मुलींची झाले. एर्मिंदा मोठी, क्लेलिया दोन वर्षांनी लहान. वाजवायची ती क्लेलिया. तिचे हात लहान होते, पण ती माझ्याशी घाई करत नसे. गायची ती एर्मिंदा. तिचा आवाज गोड नव्हता. जरा घोगरा होता, पण ती ओळीच्या शेवटी असा काही थांबे की ऐकणाऱ्यालाही श्वास घ्यायचं सुचत नसे. कपड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती अंगणातून गात जाई आणि नळावरच्या बायका बादल्या भरून वाहू देत.

आसुंताला हे आवडत नसे. ती म्हणे, "गाणाऱ्या बाईच्या घरी कोण सदरे इस्त्रीला टाकतं?"

शेजारची रेमेदिओस विड्यांच्या कारखान्यात कामाला होती. भोपळ्याच्या भांड्यातला माते नावाचा कडू पाल्याचा काढा नळीने ओढत ती दारातूनच उत्तर देई, "अगं, तिचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून मीही दोन सदरे टाकीन. फक्त आधी नवरा मिळू दे मला."

क्लेलिया सतरा वर्षांची असताना तिने एक गाणं केलं. कुणी शिकवलं नव्हतं. इस्त्रीच्या खोलीतल्या वाफेत बसून ती रोज थोडं थोडं माझ्यावर शोधत होती. एक सूर सापडला की तिथेच थांबायची, दुसऱ्या दिवशी पुढे जायची. गाणं त्या सदऱ्याचं होतं. ते पुरं झालं तेव्हा एर्मिंदाने ते आईसमोर गायलं. आसुंताची पाठ आमच्याकडे होती. तिचा हात थांबला नाही. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "तिसरी ओळ खोटी आहे."

क्लेलिया घाबरली. "कोणती, आई?"

"ती रडते ती. मी कधी रडले नाही. सदऱ्यावर पडतं ते पाणी मी शिंपडलेलं असतं."

क्लेलियाने ती ओळ बदलली. 'हे आसू नाहीत, इस्त्रीआधी शिंपडलेलं पाणी आहे.' मित्रांनो, पुढे ज्या ओळीवर नाट्यगृहांत लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहत, ती ही ओळ. ती आसुंताने दिली आणि क्लेलियाने माझ्यावर बसवली.

रविवारी दुपारी गल्लीतल्या मंडळाच्या सभागृहात नाच होत. तिथे दोघी बहिणी पहिल्यांदा लोकांसमोर उभ्या राहिल्या. 'शनिवारचा सदरा' सुरू झाला आणि नाचणाऱ्या जोड्या एकेक करून थांबल्या. टँगोवर नाचायचं सोडून माणसं उभी राहून ऐकू लागली, असं त्या सभागृहात कधी झालं नव्हतं. मी क्लेलियाच्या मांडीवर होते आणि तिचं काळीज धडधडत होतं ते मला पाठीवर ऐकू येत होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तोच. तेव्हा मला ते कळलं नाही.

त्या गर्दीत एवारिस्तो फुनेस होते. त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता आणि रेडिओवर त्यांची चलती होती. पुढच्याच आठवड्यात ते चाळीत आले, हॅट हातात धरून, चिखलातून बूट सांभाळत. त्यांनी एर्मिंदाला रेडिओवर गायला बोलावलं. बाराले हे आडनाव जड वाटतं म्हणाले आणि तिचं नाव एर्मिंदा रेय ठेवलं.

क्लेलियाने विचारलं, "मी वाजवायला येऊ ना?"

"ये की, सोबतीला ये," फुनेस म्हणाले. "वाजवायला माझ्याकडे माणसं आहेत, पोरी. मला आवाज हवाय."

पहिली ग्रामोफोनची तबकडी काढायच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. क्लेलियाने मला स्वच्छ पुसून नेलं होतं, कुणी वाजव म्हणालंच तर. फुनेसनी आधीच गाण्याचे सूर उतरवून घेतले होते आणि वादक आत वाद्यं जुळवत होते. बाहेरच्या खोलीत एक कारकून कागद घेऊन आला. त्याला तबकडीवर छापायचं नाव हवं होतं.

"गाणं कुणाचं लिहू?"

"माझं लिही," फुनेस म्हणाले. मग एर्मिंदाकडे वळून त्यांनी मऊ आवाजात समजावलं, "इस्त्रीवाल्या पोरीचं नाव टाकलं तर दुकानदार तबकडी हातात धरणार नाहीत. तुझी काही हरकत?"

क्लेलिया बाकावर बसली होती. ती बहिणीकडे पाहत होती. एर्मिंदाने उसन्या आणलेल्या हातमोज्याचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दाराबाहेर आणखी सहासात मुली आपला आवाज ऐकवायला बसल्या होत्या, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"तुम्ही म्हणाल तसं, मास्तर," एर्मिंदा म्हणाली.

क्लेलियाचा तळहात माझ्या तारांवर पडला आणि तिथेच राहिला. आतून गाणं ऐकू आलं. एर्मिंदा कधी नव्हे इतकं सुंदर गायली. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण ते खरं आहे.

परतताना ट्राममध्ये ती म्हणाली, "पुढच्या तबकडीवर घालतील गं तुझं नाव. मीच सांगेन त्यांना."

"बरं," क्लेलिया म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

त्यानंतर एर्मिंदा कुठच्या कुठे गेली. आधी आठवड्यातून तीनदा रेडिओ. मग चित्रपटगृहांत चित्रपटाआधी गाणी. मग नाट्यगृहात तिचं एकटीचं नाव, दारावर मोठ्या अक्षरांत. नदीपलीकडे मोंतेविदेओला ती गाऊन आली, नंतर डोंगर ओलांडून चिलीलाही. शहराच्या मध्यभागी तिने घर घेतलं आणि आईला न्यायला आली. आसुंता म्हणाली, "मी इथून हलले तर तो कुठे येईल? त्याला हाच पत्ता माहीत आहे." मग एर्मिंदा एकटीच राहिली. सुरुवातीला ती दर रविवारी सारण भरलेली रावियोली घेऊन येई. पुढे रविवारी तिचे दुपारचे खेळ असत.

क्लेलियाचं नाव दुसऱ्या तबकडीवर आलं नाही, कारण दुसऱ्या तबकडीवर गाणी फुनेसनी स्वतः केली होती. ती फारशी कुणी ऐकली नाहीत. लोक सगळीकडे सदऱ्याचं गाणंच मागत.

मग एका मासिकात एर्मिंदाची मुलाखत छापून आली. रेमेदिओस ते मासिक घेऊन धावत आली. आसुंताला वाचता येत नसे, म्हणून क्लेलिया मोठ्याने वाचू लागली. एर्मिंदाने सांगितलं होतं की सदऱ्याचं गाणं मास्तरांनी खास तिच्यासाठी केलं. क्लेलिया ते न अडखळता वाचून गेली. पुढे लिहिलं होतं की एर्मिंदाचे वडील जहाजाचे कप्तान होते आणि ती लहान असतानाच वादळात बुडून वारले.

आसुंताने इस्त्री उभी करून ठेवली. "काय म्हणतेय ती? बुडाले?"

"आई, मासिकवाले काहीही लिहितात."

"तिला कुणी सांगितलं? तिला पत्र आलं का कुठून?"

"नाही गं. असं सांगितलं की लोकांना बरं वाटतं, म्हणून."

रेमेदिओस म्हणाली, "निदान कप्तान तरी केलं त्याला." कुणी हसलं नाही.

बापाबद्दल मुलीला काही कळलंय आणि ती आपल्यापासून लपवतेय, असं आसुंताच्या मनाने घेतलं. आम्ही कुणीच ते तिच्या मनातून काढू शकलो नाही. त्या शनिवारी लोकांचे कपडे संपले, पण पेटी उघडली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. आसुंता काम करत राहिली, जेवत राहिली, पण ती कुणाची वाट पाहत नव्हती, आणि त्या दिवसांत ती एकदम म्हातारी झाली. तिसऱ्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. एर्मिंदा तेव्हा चिलीत होती. क्लेलियाने तारेने कळवलं. ती पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं.

आली तेव्हा तिच्या अंगावर काळा उंची कोट होता. ती खाटेवर बसली आणि पुष्कळ रडली. मग म्हणाली, "क्लेलिया, मला आणखी एक गाणं दे. मास्तरांची गाणी चालत नाहीत. जिथे जाते तिथे तेच एक मागतात. मला ते गाताना आईचे हात दिसतात. मला आता ते गाववत नाही."

"मग गाऊ नकोस."

"तेच गायलं नाही तर मला बोलावणार कोण? या वेळी तुझं नाव घालते. तसं लिहून देते."

क्लेलियाने मला खिळ्यावरून काढलं. तिने खरंच प्रयत्न केला, मित्रांनो. मी साक्षीला आहे. तिने तारा जुळवल्या, बोटं ठेवली आणि वाट पाहिली. मीही वाट पाहिली. माझ्यातून नुसते सूर आले, एकाला दुसऱ्याची ओळख नसलेले. थोड्या वेळाने तिने मला परत टांगलं.

"मी देत नाही असं समजू नकोस, एर्मी," ती म्हणाली. "तिथे काही राहिलंच नाहीये."

एर्मिंदा गेली. तिचं नाव अजूनही मोठं होत आहे, आणि ती अजून तेच गाणं गाते. क्लेलियाने मला पुन्हा हात लावला नाही. ती आईच्या जागी उभी राहून लोकांचे कपडे इस्त्री करते. वाफेने माझी मान वाकली, तारा धरून ठेवणारी घोडी सैल झाली, चार तारा एकामागून एक गेल्या.

गेल्या महिन्यात समोरच्या खोलीत एक नवी बाई राहायला आली. कपडे घ्यायला ती दारात उभी असताना रेमेदिओसच्या रेडिओवर ते गाणं लागलं. ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "हे ज्यानं लिहिलं ना, त्यानं कधीतरी स्वतः इस्त्री धरली असणार. नाहीतर पाण्याचं त्याला कसं सुचेल?"

क्लेलियाने घडी केलेले सदरे तिच्या हातावर ठेवले. "असेल कुणीतरी," ती म्हणाली. "बाह्या नीट वाळल्या नाहीत. घरी गेल्यावर पसरून ठेवा."

मित्रांनो, मला नव्या तारा लावा, मला पुसा, असं मी मागत नाही. वाकलेलं लाकूड सरळ होत नाही. पण तुमच्या घरात कुणी काम करता करता काही गुणगुणत असेल, आणि ते तुम्ही कुठे ऐकलेलं नसेल, तर जवळ जा आणि विचारा की हे कुणाचं. तिने उत्तर दिल्याशिवाय हलू नका. आणि चारचौघांत तिचं नाव घ्यायची वेळ येईल, तेव्हा तिने स्वतः सांगावं म्हणून थांबून राहू नका.