मशीनचा हात

वहिनींच्या ओट्यावर वहिनींना सोडून सगळ्यांना जागा होती. मधोमध पीठ मळायचा तो जाडजूड स्टँड मिक्सर आणि त्याच्याभोवती त्याचा गोतावळा. खिमा करायचं नळकांडं, भाज्यांचे काप करायच्या चकत्या, पास्ता लाटायचे रूळ, धान्य दळायची छोटी चक्की, पीठ उडू नये म्हणून पारदर्शक झाकण. आइस्क्रीमचं भांडं तर फ्रीजरमध्ये असं पाय पसरून बसलेलं, की मटारांना बाहेर मुक्काम करावा लागे. हे सगळं नवऱ्यानं आणलेलं. विमा कचेरीतला मोठा साहेब, स्वतःचा चहा स्वतःला करता येत नाही, पण सोस बघा केवढा!

वहिनी म्हणाल्या, "गुडघे दुखतात हो," की रूळ आले. म्हणाल्या, "चार दिवस बहिणीकडे जाऊन येते," की चक्की आली. "तुझ्यासाठीच आणलंय गं!" म्हणत साहेब खोकं फोडायचे, मशीनला लावून बघायचे, काढायचे आणि पेपर वाचायला निघून जायचे. धुवायचं कोणी? अर्थात वहिनींनी.

आता गंमत ऐका. मशीन आलं त्या दिवशी वहिनींनी नेहमीसारखं हातानंच पीठ मळून पाव केला होता. साहेबांनी घास घेतला आणि टाळी वाजवली. "वा! याला म्हणतात मशीनचा हात!" लग्न झाल्यापासून तोच पाव हा माणूस खात आला होता, पण 'बरा झालाय' एवढंही कधी तोंडातून निघालं नव्हतं. घरात पहिल्यांदा कौतुक आलं आणि गेलं कुठे, तर त्या लोखंडाकडे! वहिनींना इतकं लागलं, की खरं काय ते त्यांनी सांगितलंच नाही.

त्यानंतरही त्या हातानंच मळत राहिल्या. पहाटे, साहेब घोरत असताना, मिक्सरच्या जादा स्टीलच्या भांड्यात. सगळ्या पसाऱ्यात उपयोगाचं काय ते तेवढंच. आणि साहेब जगाला सांगत सुटले, "आवाज म्हणाल तर अजिबात नाही! मी झोपलेला असतो, मला पत्तासुद्धा लागत नाही."

इथवरही वहिनींनी सोसलं. पण त्या रविवारी नणंद मशीन बघायला आली. तिलाही तसंच घ्यायचं होतं. साहेबांनी सगळ्या जोडण्या टेबलावर मांडल्या आणि बोलता बोलता सहज म्हणाले, "ऑफिसात सांगून टाकलंय मी, दर शनिवारी सगळ्यांना आमच्या घरचा पाव. हिला काय, बटण दाबायचं फक्त!"

वहिनींनी हातातली कपबशी खाली ठेवली. अख्ख्या कचेरीचा पाव? मनगटं आधीच रात्रभर ठणकत होती. आज गप्प बसलं तर जन्माचं गळ्यात पडणार होतं.

"अहो, मग वन्संना करूनच दाखवा ना," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुमच्याइतकं मशीन कोणाला कळतंय?"

साहेब फुलले. बाह्या सरसावल्या, पीठ ओतलं, पाणी ओतलं. मग इकडे बघ, तिकडे बघ. "पीठ मळायचा तो आकडा कुठे ठेवलास?"

"मूळ खोक्यात असेल. अगदी तळाशी."

साहेबांनी खोकं उपसलं. आकडा सापडला. कंपनीच्या पिशवीत, पिशवीला कंपनीचं सील, आणि सील जसंच्या तसं. साहेबांनी पिशवी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

नणंद आधी पिशवीकडे बघत राहिली आणि मग भावाकडे. "दादा, मग इतके दिवस पीठ मळत कोण होतं?"

साहेबांचा चेहरा उतरला. पण माणूस हार मानेल तर शपथ! वहिनींकडे वळून म्हणाले, "अगं, मग कोणती जोडणी लावत होतीस तू?"

वहिनींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांचे सांधे सुजलेले होते, नखांच्या कडेला सकाळचं पीठ अजून वाळलेलं होतं.

"या दोन," त्या म्हणाल्या. "माहेरून येताना आणल्या होत्या. तुम्ही कधी खोकं उघडून बघितलंच नाही."

साहेबांनी त्या हातांकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"शनिवारचं मात्र तुम्ही बघा," वहिनी पदराला हात पुसत उठल्या. "शब्द तुम्ही दिलाय, मशीन तुमचं आहे. बटणच तर दाबायचंय. वन्सं, चला, बाहेर बसू."

बाहेर येऊन त्या साहेबांच्याच खुर्चीत बसल्या आणि त्यांचा पेपर उघडला. आत सील फाटल्याचा आवाज आला. मग मशीन घरघरलं आणि पाठोपाठ मोठ्ठी शिंक ऐकू आली. दारातून पांढरा धुरळा बाहेर आला.

"झाकण लावा आधी!" वहिनींनी पान उलटत आवाज दिला. "तेही तुम्हीच आणलंय, माझ्यासाठी!"