लेबल नसलेला तांदूळ

नव्या नियमाचा छोट्या भातगिरण्यांवर काय परिणाम झाला, हे बघायला सरकारचे एक सल्लागार साहेब कुंभिवलीच्या ग्रामपंचायतीत आले होते. मी मुद्दाम गेले. माझी गिरणी त्याच नियमानं वर्षापूर्वी बंद पडली.

नियम काय, तर गिरणीतून निघणाऱ्या प्रत्येक गोणीला छापील लेबल पायजे, आणि ते छापायचं महागडं मशीन गिरणीवाल्यानं घ्यायचं. अरे, पण आमच्याकडं तांदूळ विकतंय कोण? ज्याचं भात त्यानं आणायचं आणि भरडून परत न्यायचं. गोणीच्या तोंडाला आपापल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असते. कुणाची गोणी कधी बदलली नाय.

"चालू असलेल्या सगळ्या गिरण्यांनी लेबल लावलंय," साहेबांनी वाचून दाखवलं. "म्हणजे कुणालाच त्रास झालेला नाही."

"आणि ज्या बंद पडल्या त्या?" मी उठून विचारलं.

"बंद गिरण्या पाहणीत येत नाहीत, बाई."

माझं डोकंच सणकलं. जो मेला त्याला वगळायचं, आणि गाव ठणठणीत हाय म्हणून लिवायचं!

दुपारी पंचायतीतच साहेबांचं जेवण ठेवलं होतं. जेवणाचा तांदूळ माझ्या घरचा होता, गिरणी बंद व्हायच्या आधी भरडलेला. साहेबांनी दोनदा भात मागून घेतला. मग हात पुसत माझ्याकडं आले.

"हा तांदूळ पाच किलो मिळेल का?"

"त्याला लेबल नाय."

"अहो, मला कुठं विकायचाय? घरी खायलाच नेतोय."

"मग आमी काय करत होतो, साहेब?"