स्टँडवरचा आवाज

बेसिनच्या नळाखाली धरून तो गळ्यातली नळी बारीक ब्रशनं घासत होता, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. त्यानं घाईघाईनं नळी गळ्याच्या भोकात बसवली, वर रुमाल बांधला आणि खोकल्याची उबळ आवरत दार उघडलं.

दारात चाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. खांद्याला वह्यांनी फुगलेली पिशवी.

"मी मुलीची वर्गशिक्षिका. आधीच यायला हवं होतं. परीक्षा, पेपर तपासणी... राहूनच गेलं."

त्यानं हसून त्यांना आत बोलावलं, खुर्ची पुढे केली. त्याच्या विचारपुशीला कुणी येईल अशी आशा त्यानं केव्हाच सोडली होती. कॅन्सर कळला तेव्हा पहिला महिनाभर माणसांची रीघ लागली होती. स्वरयंत्र काढलं, आवाज गेला आणि आवाजामागोमाग माणसंही गेली. मुक्या माणसाशी बोलायचं तरी काय. बाई आल्या याचं त्याला मनापासून बरं वाटलं.

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं.

"घसा बसलाय का? मग तुम्ही बोलू नका," बाई म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. बसला तो कायमचाच बसला होता, पण एवढं सांगायला पाटी लागणार होती. ती आणायला तो उठला.

"मी रोज बसनं येते-जाते," बाई त्याच्या पाठीमागून बोलत राहिल्या. "वीस वर्षं स्टँडवर तिच्या बाबांचा आवाज ऐकला. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली म्हणून सांगायचे, तर वाटायचं, घरातलंच कुणी हाक मारतंय. चेहरा मात्र कधी पाहिला नाही. आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे हे कळलं ते हे असं, ते गेल्यावर."

पाटीला लागलेला त्याचा हात तिथंच थांबला.

"तुम्ही त्यांचे भाऊ ना?"

पाटी घेऊन तो बाईंच्या समोर बसला. खडू उचलून त्यानं 'मी' असं लिहिलं. पुढं 'च तो' लिहिलं की संपलं. दोन अक्षरांचं काम.

दार ढकलून मुलगी आत आली. बाईंना पाहून ती उंबऱ्यातच थिजली. चौदा वर्षांची पोर, पण चेहरा एकदम म्हातारा झाला. बाईंवरून तिची नजर बापाच्या हातातल्या खडूवर आली आणि तिथून हलेना.

त्यानं खडू टेकवला आणि 'मी'च्या पुढं लिहिलं, 'काका.'

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या. "हिचं नाक अगदी तुमच्यावर गेलंय."

चहा मुलीनं केला. बाई अर्धा तास बसल्या. माणूस किती साधा असेल ते आवाजावरूनच कळायचं, म्हणाल्या. आता हिला तुमचाच आधार, म्हणाल्या. आपल्यामागं लोक काय बोलतात ते ऐकण्याचं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिला.

बाई गेल्या. मुलीनं अजून दप्तरही उतरवलं नव्हतं. त्यानं पाटी पुसली.

'कधी गेलो?'

"सहामाहीच्या आदल्या आठवड्यात."

'कशानं?'

"हार्ट अटॅक," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "झोपेत."

चला, म्हणजे हाल तरी झाले नाहीत.

"आजारी आहेत म्हटलं की रोज विचारतात," ती एका दमात बोलायला लागली. "आज कसे आहेत, जेवतात का, गळ्याला भोक पाडलंय ते खरं का. मुली बाकावर सरकून बसतात, लागण होईल तशा. गेले म्हटलं की एकदाच विचारतात, बाबा. एकदाच."

त्याच्या आतून काहीतरी उसळून वर आलं. पूर्वी एका हाकेत अख्खा स्टँड वळून बघायचा. आता रुमालाखालून नुसती हवा फसफसली.

"रुमाल सरकलाय," ती तोंड फिरवून म्हणाली आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळानं तिची आई कामावरून आली.

"कोण आलं होतं गं?"

"वर्गशिक्षिका."

"आणि मी नेमकी नाही." आईनं पिशवी ओट्यावर रिकामी करायला घेतली. "यांचं काही विचारलं का त्यांनी?"

"हो."

"तेवढी तरी माणुसकी आहे म्हणायची. काय म्हणाल्या?"

मुलगी कप पुसत होती. "चांगले होते म्हणाल्या."

"होते काय?" आई हसली. "आहेत म्हण. शाळेत व्याकरण शिकवतात की नाही तुम्हाला?"

मुलीनं वळून बापाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवून तो खुर्चीच्या कडेला बसला होता.