सरांच्या शेवटच्या वर्षातल्या वह्या

जनार्दन सर गेल्याचं शाळेतल्या माझ्या मित्रानं, शेखरनं कळवलं, तेव्हा मी रॉटरडॅममधल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पावाला लोणी लावत होते. लोणी लावून झालं, पाव खाल्ला, दुपारची मीटिंग केली, सायकलीवरून घरी आले आणि जिना चढताना मध्येच बसून राहिले. माझा नवरा मनीष वर जेवायला थांबला होता. काय झालं ते त्याला सांगायला मला दोन दिवस लागले.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिहे गावात भाताचं एक रिकामं गोदाम घेतलं आणि मेंढ्यांमागे फिरणाऱ्या घरातल्या पोरींपासून हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुलांपर्यंत कुणीही यावं, कागद घेऊन बसावं, अशी सोय केली. माझ्या हातात रेषा आहे हे पहिल्यांदा त्यांनी सांगितलं, आणि परदेशातल्या कलाशाळेचा अर्जही त्यांनीच समोर बसवून भरून घेतला. तिथलं शिक्षण संपल्यावर मी एका विमा कंपनीत माहितीपत्रकांची पानं लावायला लागले आणि चित्रं काढणं बंद पडलं. हे सरांना सांगायचा धीर होईना, म्हणून आधी फोन कमी केले, मग बंदच. पुढच्या चार वर्षांत त्यांचे तीन निरोप आले. तिसरा एवढाच होता : ‘बरं नाही. जमलं तर ये.’ मी उत्तर दिलं नाही.

तीन महिन्यांनी गोदामात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन आणि आठवणींची सभा ठरली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी आले. लोक बोल लावतील, निदान तोंड फिरवतील, याची मी तयारी केली होती. खरं सांगायचं तर त्यासाठीच आले होते.

दारात सगुणाबाई भेटल्या. शेजारच्याच, सरांचं दोन वेळचं जेवण त्यांच्याकडून यायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “चार दीस कुटं गेलीवतीस? तुजी मिरचीची रोपं वाळाया लागल्याती.”

म्हातारपणी माणसांची गल्लत होते, असं समजून मी आत गेले. आत शेखरनं तळेगावहून आलेल्या एका चित्रकाराशी माझी ओळख करून दिली ती अशी, की सरांचं शेवटचं वर्ष हिनंच निभावलं. मी त्याला बाजूला घेतलं आणि ही काय थट्टा आहे, असं विचारलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सर गेले यात तुझा काही दोष नाही, दिशा, तू होतीस म्हणून ते शेवटपर्यंत घरी राहू शकले, असं तो अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलला.

मधल्या टेबलावर सरांच्या शेवटच्या वर्षातल्या वह्या उघडून ठेवल्या होत्या. पानापानावर मी होते. तांदूळ निवडताना, खिडकीत पाठमोरी, औषधाची बाटली उजेडात धरून वरचं लेबल वाचताना. जानेवारीत कापून घेतलेले केस आखूडच होते. दोन हिवाळ्यांपूर्वी ट्रामच्या रुळात सायकल अडकून पडले, तेव्हाचा हनुवटीवरचा व्रणही होता, आणि त्याबद्दल मी इकडे कुणाला कळवलं नव्हतं. प्रत्येक चित्राखाली सरांच्या अक्षरात तारीख होती. चेहरा चुकला की नाही हे बघायचं तर आधी कान बघ, असं सर शिकवायचे. मी कान बघितले. माझेच होते.

सभेत मला शेवटी बोलावलं. मी ठरवून उभी राहिले आणि सगळं सांगितलं : मी इथं नव्हते, तीन निरोप आले आणि एकालाही उत्तर दिलं नाही, चित्रं काढणं सोडल्याचं लपवण्यासाठी मी या माणसाला एकटं मरू दिलं. पासपोर्ट पर्समध्ये होता, तोही काढून दाखवला. पुढच्या रांगेतली एक मुलगी डोळे पुसत होती. सगुणाबाई उठल्या, माझ्या हाताला धरून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सभेला म्हणाल्या, “लई दमलीया. सर गेल्यापासनं धड झोप न्हाई तिला.”

मग चहा आला. माणसं एकेक करून जवळ येत होती, माझे हात हातात घेत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत कृतज्ञता होती. राग असता तर मी सहन केला असता.

माझी बॅग शेखरच्या घरी ठेवायला सांगितली होती, ती कुणीतरी सरांच्या खोलीत नेऊन ठेवली होती. ही खोली सर आजारी पडल्यावर गोदामाला लागून बांधलेली. मी तिचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता. बॅग घेऊन लगेच निघावं म्हणून मी सगुणाबाईंकडून किल्ली मागून घेतली. संध्याकाळ होत होती, आणि एकुलती खिडकी डोंगराच्या बाजूला असल्यामुळे आत अंधार होता. मी आत पाऊल टाकलं आणि दिवा लावला.

मग माझ्या लक्षात आलं, की दाराजवळच्या भिंतीवर बटण नव्हतंच. सरांना पडल्यापडल्या हात पोचावा म्हणून ते पलंगाजवळ, कपाटाच्या मागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलेलं होतं. मी वाकलेली होते, आणि माझा हात अजून कपाटामागेच होता.