लाल बादलीत काय होतं

मित्रांनो, आधी बादलीलाच कोण विचारतो, त्यातून मी संडासाची बादली! बसस्थानकावरच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात मी आयुष्य काढलं. मी लाल, जुनी, एका बाजूने चिरलेली. माझ्यासोबत कारखान्यातून एक निळी बहीण आली होती. ती बेसिनांसाठी, मी संडासांसाठी. आमची फडकी एकमेकींत मिसळायची नाहीत, हा मावशींचा कायदा.

मावशी तिथे सव्वीस वर्षं सफाई करत होत्या. हातमोजे घालायचे, खिडकी उघडायची, साबणाने घाण काढायची. मग ब्लीचचं पाणी फिरवून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. कोणी घाई केली की म्हणायच्या, "जंतू काय पाहुणे आहेत, तू आलीस म्हणून उठून जायला?" एका वेळी सफाईचं एकच औषध, हा तर त्यांचा शब्द. मला त्यांचा फार अभिमान होता.

गेल्या वर्षी त्यांची सून कामाला लागली. कामाला वाघीण, पण सासूसमोर तिची बोबडी वळायची. काही विचारायचं असलं तरी विचारायची नाही. मावशींनाही शिकवण्यापेक्षा टोकायचीच सवय जास्त.

तपासणीचा दिवस होता. मावशींनी माझ्यात ब्लीचचं पाणी तयार केलं आणि तेवढ्यात मुकादमाने हाक मारली. त्या तशाच निघाल्या. दारात सून भेटली, पण धांदलीत तिला सांगायचं राहून गेलं. सुनेचं नाक सर्दीने बंद होतं. तिला वाटलं, साधं पाणी आहे. सासूबाई येईपर्यंत पिवळे डाग घालवावेत म्हणून तिने डाग काढायचं ॲसिड माझ्यात ओतलं. वाऱ्याने आपटते म्हणून खिडकीही लावून घेतली होती.

माझ्याच पोटातून तो विषारी वायू उठला. सून खोकत भिंतीला टेकली, मग खालीच बसली. मावशी धावत आल्या आणि श्वास रोखून तिला फरफटत बाहेर घेऊन गेल्या. "आत कोणी जाऊ नका!" हे त्यांचं ओरडणं मला आतपर्यंत ऐकू आलं.

सून आठ दिवस रुग्णालयात होती. ती परतली त्या दिवशी मुकादम कागद घेऊन आला. त्यावर 'नव्या बाईचा निष्काळजीपणा' असं लिहिलं होतं. म्हणजे त्यावर सही झाली की तिची नोकरी गेलीच.

"मावशी, तुम्ही फक्त सही करा."

"आई, माझंच चुकलं," सून म्हणाली. एवढं बोलतानाही तिला धाप लागली.

मावशींनी कागद हातात घेऊन वाचला. त्या सही करतील, अशी मला भीती वाटली.

"तुझं नाही गं," कागद परत देत त्या म्हणाल्या. "बादली मी भरून ठेवली. तू आत जाताना दिसलीस, तरी बोलले नाही."

"सव्वीस वर्षांचं नाव घालवताय," मुकादम म्हणाला.

"जाऊ दे नाव. हिच्या छातीत गेलंय ते माझ्या हातचं आहे."

आता मावशींकडे फक्त अंगण झाडायचं काम आहे. सून कामावर आहे, पण दोन जिने चढली की तिला थांबावं लागतं.

मित्रांनो, दोन औषधं कधीही एकत्र करू नका. आणि भरलेली बादली सोडून जाताना आत काय आहे, ते मागच्या माणसाला सांगून जा. त्या दिवशी त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं, आणि मला ओरडता आलं नाही.